पिठातलं पाऊल

आधी मावशीचं सांगते. तिच्याआधी दुसरं काही लिहिलं तर मला चैन पडणार नाही. शिरड शहापुरात, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, पत्र्याच्या एका खोलीत तिचं शिलाईचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. दारात जुन्या साडीचा पडदा, आत दोन मशीन, एक कपाट, आणि खिळ्याला टांगलेली टेप. टेप ती फार कमी काढते. बाईमाणूस पडदा सारून आत आलं की तिला नजरेनंच माप कळतं. मी तिच्याविषयी लिहिणार आहे म्हटल्यावर तिनं फोनवर बजावलं, की नाव घालू नको, नाहीतर लोक ब्लाउज शिवायला येतील का गोष्ट ऐकायला, हेच मला कळणार नाही. म्हणून नुसतं मावशी. आज मी जी काही आहे, स्वतःच्या नावानं आहे, ते तिच्यामुळं.

माझी शाळा नववीत सुटली. चार ओळींच्या वर कधी लिहिलं नाही, तेव्हा इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. इथं तिरुपूरला मी कारखान्यात बनियनच्या बाह्या जोडते. भोवती सगळं तमिळ. रविवारी खोलीतल्या पोरी बाजारात गेल्या की मी कॉटवर बसून लिहिते आणि लिहिता लिहिता घाबरते, की हे बाबांच्या हाती पडलं तर त्यांना कसं वाटेल. दोनदा फाडून टाकलं. पण मावशीचं दुसरं कोण लिहिणार?

मी जन्मायच्या अकरा महिने आधी माझी आत्या वारली. बाबांची धाकटी बहीण. अठरा वर्षांची होती. सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्या भोयांच्या घरातल्या एका मुलावर तिचं मन बसलं होतं. आमचं घर शेतकऱ्याचं. घरात कळलं तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, बोलले ते बाबा. त्यांनी आत्याला सांगितलं, त्याच्याकडं गेलीस तर परत या घरात पाऊल ठेवू नको. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आत्या आणि तो मुलगा थर्माकोलच्या तराफ्यावरून धरणाच्या पाण्यात गेले. वारं सुटलं, तराफा उलटला. कुठं निघाले होते ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही.

आमच्याकडं रीत आहे. मयत उचलून नेली की जिथं माणूस ठेवलं होतं तिथं बाया जमीन सारवतात, वर ज्वारीचं पीठ पसरतात, दिवा लावतात आणि टोपलं पालथं घालतात. माणसं नदीवरून परत आली की टोपलं उचलून पिठात काय उमटलंय ते बघायचं. पाखराची नखं दिसली तर पाखराचा जन्म, सरपटल्यासारखं दिसलं तर सापाचा. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, मग म्हातारी माणसं आपल्या मनाचं काहीतरी बघतात. आत्याच्या वेळेला मात्र कुणाला डोळे बारीक करावे लागले नाहीत. पिठाच्या मधोमध एक पाऊल होतं. तान्ह्या लेकराचं, पाची बोटं स्पष्ट. बाबांनी दोन दिवस अन्न तोंडात घातलं नव्हतं. पाऊल बघितलं आणि ते तिथंच बसून भाकरी जेवले, असं आई सांगते.

पुढच्या वर्षी मी झाले. मग विचारायलाच नको. मला आत्याचंच नाव ठेवलं. शाळेत घालताना गुरुजी म्हणाले, मयत माणसाचं नाव कशाला, म्हणून दाखल्यावर वेगळं नाव लागलं, पण ते दाखल्यावरच राहिलं. घरात, गल्लीत, शेतात मी म्हणजे आत्या. भाऊबीजेला मी माझ्या सख्ख्या बापाला ओवाळायची आणि ते मान खाली घालून ओवाळून घ्यायचे. एवढा रागीट माणूस, पण माझ्यावर कधी हात उचलला नाही. आजारी पडले तर उशाशी बसून राहायचे. आईची मात्र पंचाईत होती. पोटची पोर म्हणून रागवावं तर ती नवऱ्याची बहीण. मी भांडी घासायला कुरकुर केली की ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या नणंदबाई, भावजय हाय की घासायला." सगळे हसायचे. आई हसायची नाही, हे मला फार उशिरा कळलं.

खरं सांगते, मला ते आवडायचं. सहा वर्षांची असताना मी एकदा म्हणाले की मला धरणाचं पाणी बघून भ्या वाटतं. कोणत्याही लेकराला वाटतं. पण ओसरीवरच्या चार माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून काय बोललं की मोठी माणसं विरघळतात, हे मला समजलं. मी जपून जपून आत्या होत गेले. वांग्याची भाजी आवडत असून सोडली, कारण आत्याला आवडत नसे. नववी झाल्यावर बाबा म्हणाले, "मागं तू नववीतच शाळा सोडली होती. तुला शाळेची तकलीफ नकोच होती, आता काहून देऊ?" मला शाळा आवडायची. भूगोलाचे नकाशे तर फारच. पण आवडते म्हटलं तर मी आत्या नाही असं ठरलं असतं. मी गप्प बसले.

आणि सिद्धेश्वरला तो होता.

बुडालेल्या मुलाच्या थोरल्या भावाला त्याच सालात मुलगा झाला. नाळ गळ्याभोवती गुंडाळून आला. भोयांच्या बायका म्हणाल्या, जाळं गळ्यात घेऊन आलाय, हा आपलाच परत आला. त्यामुळं त्याचीही गत माझ्यासारखीच. फरक एवढाच, की मला लाड मिळाले आणि त्याला पाणी बंद झालं. भोयाचं पोरगं, पण त्याला कुणी धरणात उतरू देत नव्हतं. काठावर बसून जाळी विणायची, फाटलेली सांधायची. बरोबरीची पोरं त्याला कोरडा भोई म्हणून चिडवायची. त्याच्या हातची जाळी मात्र सगळ्यांना लागायची.

आम्हाला लहानपणापासून एकमेकांचं ठाऊक होतं, आणि जत्रेत, लग्नात समोरासमोर आणलंही जायचं. लोक कौतुकानं बघायचे, आता काय बोलतात म्हणून. आम्ही काहीच बोलायचो नाही. मी सोळाची झाले तेव्हा एका लग्नाच्या मांडवात त्यानं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि कान लाल करून निघून गेला. मला वाटलं, झालं, हेच ते मागच्या जन्मीचं. तीन दिवस मी भाकरी करपवली.

बाबांनी सिद्धेश्वरला जाऊन स्वतः मुलगी देऊ केली. जातीचा प्रश्न त्यांनी काढलाच नाही. भावकीतल्या एकानं काढला, तर बाबा म्हणाले, एकदा अडवून बघितलंय. ज्या माणसानं आपल्या बहिणीला घराबाहेर काढलं होतं, तोच माणूस भोयाच्या दारात हात जोडून उभा राहिला. मला अजूनही त्यांचा अभिमान वाटतो. लग्न मृगाच्या आधी धरलं. मला सतरावं चालू होतं, त्याला अठरावं. कायद्याचं कुणी काढलं नाही. दोन्हीकडच्यांना वाटत होतं, या लग्नाला आधीच फार वर्षं उशीर झालाय.

साखरपुड्यानंतर आम्हाला बोलायला मोकळीक मिळाली, जुनीच ओळख म्हणून. धरणाच्या काठावर तो जाळं सांधत होता, मी बाजूच्या दगडावर. जरा लांब त्याची आई मासे वाळत घालत होती. जाळ्यातली नजर न काढता त्यानं विचारलं, "तुला खरंच काही आठवतं का गं?"

सतरा वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळे सांगायचे, विचारायचं कुणी नाही.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यानं सुई खाली ठेवली. "मला बी न्हाई. तराफा उजवीकडं कलंडला म्हणून सांगत असतो मी लोकांला. अंदाजानं."

आम्ही दोघं इतके हसलो की त्याची आई लांबून कौतुकानं बघायला लागली. तिला वाटलं असेल, जुनं काही आठवलं. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा नीट दिसला. डाव्या भुवईवर व्रण, बोटांना दोऱ्याचे घट्टे. मला तो आवडला, हे खरं. पण त्याच वेळी भीतीही बसली. आम्हाला दोघांनाही काही आठवत नसेल, तर मृगाच्या आधी लग्न नेमकं कुणाचं लागणार होतं? हे मी कुणाला विचारणार? बाबांना विचारलं तर ते मला पुन्हा तसं जवळ करतील का? आत्या नसलेल्या पोरीवर त्यांनी कधी माया केलीच नव्हती. तशी पोर घरात नव्हतीच.

अशात मी मावशीच्या दुकानात जायचे. मावशी मूळची आमच्याच गावची, बौद्ध घरातली, आत्याच्या बरोबरीची, तिची जिवाभावाची मैत्रीण. लग्न होऊन शिरड शहापुरात आली, नवरा लवकर गेला, मशीनवर तिनं दोन लेकरं शिकवली. लग्नाआधी पोरीच्या हातात काहीतरी असावं म्हणून आईनंच मला तिच्याकडं शिलाईला घातलं होतं. मावशी शिकवायची ती बोलून नाही. चुकीची शिवण दिसली की उसवून कापड परत पुढ्यात टाकायची. एकदा मी कंटाळून म्हणाले, आत्याला शिलाई यायची का? ती म्हणाली, "तिला सुईत दोरा बी ओवता येत नव्हता. तू तिच्यापेक्षा बरी हायेस." आत्यापेक्षा मी बरी आहे, असं मला तोपर्यंत कुणी म्हटलेलं नव्हतं.

लग्नाच्या ब्लाउजचं कापड घेऊन बाबा स्वतः दुकानात आले. कापडाबरोबर त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक पोलकं काढलं. आत्याचं. इतकी वर्षं पेटीत ठेवलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मावशीपुढं ठेवून म्हणाले, याच मापाचं शिव. आणि ऊन व्हायच्या आत परत निघाले.

मावशीनं मला ते घालून बघायला लावलं. पडद्याआड मी ते कसंबसं अंगात घातलं. खांद्यात आवळत होतं, बाह्या वर चढल्या होत्या, हुक लागेना. मी श्वास ओढून धरला. बाहेर आले तर मावशी बघत राहिली. मी म्हणाले, थोडं बारीक होईन मी, होऊन जाईल. ती पुढं आली, तिनं खिळ्यावरची टेप काढली, आणि माझं माप घेतलं. खांदा, छाती, कंबर, बाही. कागदावर मांडलं. मग म्हणाली, "हे माप तुझं न्हाई, पोरी. श्वास सोड."

मी सोडला आणि रडायला लागले.

तिनं मला बसवलं. कापायच्या टेबलावर काळं अस्तर पसरलं होतं. कापडावर खुणा करायचा पांढरा खडू तिनं बोटांनी चुरला आणि अस्तरावर भुरभुरला. मग मूठ आवळली, करंगळीकडची बाजू त्या खडूवर दाबली आणि उचलली. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले. अस्तरावर तान्ह्या लेकराचं पाऊल उमटलं होतं.

मला समजायला वेळ लागला नाही. महालक्ष्म्यांच्या सणाला दारापासून देवापर्यंत अशीच पावलं मी दरवर्षी काढत आले होते. आमच्या प्रत्येक घरात काढतात. असं असूनही त्या दिवशी टोपल्याखालचं पाऊल बघून कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मावशी सांगत होती. माणसं नदीवर गेली होती, बाया आंघोळीला. ओसरीवर ती एकटीच राखणीला बसली होती. मयत न्यायच्या आधी बाबा भिंतीवर डोकं आपटत होते आणि एकच वाक्य म्हणत होते. मावशीही तेव्हा अठरा वर्षांचीच होती. तिला वाटलं, हा माणूसही आता जगत नाही. तिच्या घरी पुनर्जन्म मानत नव्हते, विहारात तसं काही शिकवलेलं नव्हतं. पण मुठीची पावलं तिला आत्यानंच शिकवली होती, याच ओसरीवर. तिनं टोपलं उचललं, मूठ दाबली, टोपलं परत पालथं घातलं.

मग तू झालीस, ती म्हणाली. तुला कुणी मारत न्हाई, जीव लावतात, हे बघून गप राहिले. पुढं शाळा सुटली तवा बोलायला पाहिजे होतं. तेव्हा माझी छाती झाली न्हाई, ती माझी चूक.

मला तिचा राग आला, हे लपवत नाही. मी म्हणाले की हे कुणाला सांगू नको, पाया पड म्हणशील तर पडते. लग्न झालं तर झालं, पण बाबांना कळलं तर माझं काय उरेल? मावशीनं ऐकून घेतलं. म्हणाली, तू एक शब्द बोलायचा न्हाई, मूठ माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती आमच्या गावाला आली. बाबा ओसरीवर हळदीचं बेणं निवडत होते. आई आणि मी त्यांच्या बाजूला. मावशी पायरीवर बसली. पाणीही मागितलं नाही.

"दादा, त्या दिवशी टोपल्याखालचं पाऊल मी काढलं होतं."

बाबांचा हात बेण्यावर थांबला. मावशीनं मूठ आवळून दाखवली. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. हातातलं बेणं त्यांनी खाली ठेवलं.

"काहून?"

"तुमी डोकं आपटून राहिले होते. पाऊल ठेवू नको म्हणलो, पाऊल ठेवू नको म्हणलो, एवढंच म्हणत होते. मला वाटलं, एक पाऊल दिसलं तर भाकरी खाल."

"मग आता काहून सांगायली?"

"ही सतरा वर्षाची हाय, दादा. हिच्या अंगात तुमी मेलेल्या पोरीचं पोलकं घालून राहिले. ते हिला होत न्हाई."

बाबा उठले आणि शेताकडं चालू लागले. चप्पल न घालता. मी मावशीकडं बघायचं टाळलं. तेवढ्यात आईनं आतून तांब्या भरून आणला, मावशीच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. मग हळू आवाजात विचारलं, "म्हणजे ही माझीच हाय ना?"

मावशी म्हणाली, व्हय माय, तुझीच. आईनं माझा हात ओढून मांडीवर घेतला. तिनं माझी बोटं एकेक करून बघितली, लेकरू झाल्यावर बघतात तशी.

चार दिवस बाबा कुणाशी बोलले नाहीत. जेवायचे, शेतात जायचे. मी रोज सकाळी वाट बघायचे, की आज मला या घरात कोण म्हणून ठेवणार. पाचव्या दिवशी मी अंगण झाडत होते, तर मागून हाक आली. आधी मला कळलंच नाही की ती मला आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव होतं. बाबांनी ते अडखळत घेतलं होतं, परक्या पोरीला हाक मारावी तसं. मी वळले. ते म्हणाले, "तुला काय पायजे, ते कधी सांगितलंच न्हाई तू."

मी म्हणाले, लग्न आत्ता नको. त्यांनी मान हलवली. तेवढंच. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी आईला विचारलं, की हिला वांगं आवडतं का.

सिद्धेश्वरला मी स्वतः जाऊन त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग माझ्या गळ्यातलं जाळं?" मी म्हणाले, नाळच होती ती, दवाखान्यात रोज एखादं लेकरू तसं येतं. तो धरणाकडं बघत बसला. मग त्यानं विचारलं ते मी कधी विसरणार नाही. "मग मी पोहायला शिकू?" त्याच्या आईला अजून पटलेलं नाही. पण तो शिकला, एकोणिसाव्या वर्षी, पाच वर्षांच्या पोरांबरोबर, त्यांचे टोमणे खात. आता होडीवर जातो. मला फोन करतो तेव्हा मागून पाण्याचा आवाज येतो. मागच्या दिवाळीत म्हणाला, तू परत आलीस की तुला पहिल्यांदा बघायला येईन, रीतसर, अनोळखी माणसासारखा. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण तो होडीवर असतो तेव्हा इथं मला वाऱ्याची काळजी लागते. ही काळजी आत्याची नाही. माझीच आहे.

मावशीनं मला आणखी दोन वर्षं शिकवलं, आणि तिच्याच ओळखीनं मी इथं आले. तिचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आमच्या गावच्या बायांनी तिच्याकडं शिलाई टाकणं बंद केलं. मयताच्या पिठात हात घातला म्हणे. तिला एवढंच म्हणायचं असतं, की घातला खरा. बाबा मला माझ्या नावानं हाक मारतात, दर रविवारी फोनवर हवापाणी विचारतात, पण बाजारला गेले की मावशीच्या दुकानाची गल्ली टाळून लांबून वळसा घेतात. ती पडद्यामागून त्यांना जाताना बघते. मला हे तिनं सांगितलेलं नाही, आईनं सांगितलं.

मावशी, तुझं ऋण शिलाईनं फिटणार नाही, हे मला कळतं. तू काही मागत नाहीस, हेही माहीत आहे. पण मी परत येईन तेव्हा बाबांना हाताला धरून तुझ्या गल्लीत आणीन. दोन कापडं घेऊन आणीन, शर्टाची. तू पडदा सार, खिळ्यावरची टेप काढ आणि त्यांचं माप घे. मी बाजूला उभी राहून कागदावर मांडून घेईन. एका खेपेला नाही आले तर दुसऱ्या खेपेला. पण आणीन.